जोडील तो बसेल

चोंढीच्या नाक्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, नळ, रंग असं सगळं मिळतं, पण माझा खरा अभिमानाचा विषय म्हणजे गोंद. आमच्या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले उठायला लागले आणि सुतारांची ये-जा वाढली, तशी मी गोंदासाठी एक अख्खी भिंत दिली. गिऱ्हाईक त्या भिंतीसमोर उभं राहिलं की मी घसा साफ करून भाषणाला सुरुवात करायचो. त्या भाषणातली हवा काढून घेणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. वासुदेव थळे. सगळे त्यांना वासूनाना म्हणत.

पहिल्यांदा आले तेव्हा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात रबरी चपला आणि कानावर पेन्सिल. मला वाटलं, कुठल्या तरी बंगल्यावरचे म्हातारे सुतार असतील. मी वरच्या फळीवरचा डबा काढला आणि ठेवणीतलं वाक्य टाकलं, की दोन बाजूंनी दोन हत्तींनी ओढलं तरी जोड सुटणार नाही. त्यांनी डबा घेतला, उलटा केला, हात लांब करून तळाची बारीक अक्षरं वाचली, पुन्हा सुलटा केला.

"सुटनार न्हाय, ते कळलं," ते म्हणाले. "सुटला तर कसा सुटतो, ते सांगा."

वीस वर्षं मी गोंद विकत होतो आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझा चेहरा बघून त्यांनीच समजावलं. काही गोंद सुटायच्या आधी करकरतात, चीर दाखवतात, म्हणजे शहाण्या माणसाला इशारा देतात. काही वर्षानुवर्षं गप्प असतात आणि एक दिवस एकदम सोडून देतात. टेबलाचा जोड असा सुटला तर फार तर चहा सांडेल. पण माझं काम वर असतं, असं म्हणून त्यांनी बोट वर केलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की ते विमानांचे सुतार आहेत, आणि मी ज्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं ती आठवून आजही मला शरम वाटते.

पण ते खरं होतं. नानांचे वडील रेवदंड्याला होड्या बांधायचे. नाना त्याच हत्यारांनिशी मुंबईला गेले आणि एका फ्लाइंग क्लबात लागले. तिथे जुनी दोन माणसांची विमानं होती. आतून सगळं लाकूड, वर कापड, पुढे इंजिन. त्यांच्या पंखांच्या तुळया, फासळ्या, पट्ट्या हे सगळं जोडलेलं असायचं ते गोंदानं. खिळे असत, पण ते गोंद सुकेपर्यंत लाकूड धरून ठेवायला. क्लब बंद पडला, नाना निवृत्त होऊन सासवण्याला घरी आले, तरी जुन्या विमानांचे दोन-चार हौशी मालक त्यांना शोधत यायचे. एखादा पंख ट्रकात घालून आणायचे आणि नानांच्या पडवीत ठेवून जायचे. पडवी लांबच लांब होती, होडीसाठी बांधलेली.

गोंदांबद्दल नाना नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. माझ्या दुकानातला पांढरा गोंद त्यांना कपाटापुरता मान्य होता. "कायमचं वजन टाकलं की हळूहळू सरकतो," असं म्हणत, "आळशी जावयागत." जुन्या काळी दुधाच्या चोथ्यापासून केलेला गोंद विमानांना वापरत. त्याच्याबद्दल ते मायेनं बोलायचे, पण दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि तो आतल्या आत मरतो, हेही सांगायचे. मग त्यांचा लाडका लाल गोंद. जांभळट लाल, पाण्याला दाद न देणारा, पण भारी मानी. दोन लाकडं कागदही आत जाणार नाही इतकी चपखल बसली पाहिजेत आणि वर शिकंज्यांचा करकचून दाब पाहिजे. फट राहिली तर तो धरत नाही. शेवटी दोन डब्यांचं इपॉक्सी. ते फट भरून घेतं, फार दाबही मागत नाही, पण त्याला ऊन सोसत नाही, म्हणून तसे पंख पांढरे रंगवायचे. नाना त्याला समजूतदार म्हणत, पण त्या म्हणण्यात फारसं कौतुक नसे. विमानाच्या पुस्तकात कुठला गोंद चालतो ते लिहिलेलं असतं. त्याच्या बाहेर ब्रह्मदेव आला तरी नाना ऐकत नसत.

पावसाळ्यात ते गोंदाला हात लावत नसत. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली का, हे बघायला त्यांच्याकडे क्लबातलं एक घड्याळासारखं यंत्र होतं. पण त्या यंत्राच्या शेजारी बशीत एक भाजलेला पापडही ठेवलेला असायचा. पापड तासाभरानं कुरकुरीत मोडला तर काम. वाकला तर काम बंद, आणि तो पापड नाना चहाबरोबर खाऊन टाकत. मी विचारलं, यंत्र असताना पापड कशाला? म्हणाले, यंत्र बिघडलं तर कळत नाही, पापड बिघडला तर कळतो.

आणि नमुने. गोंद कालवला की त्याच कालवणातून दोन छोटे लाकडाचे तुकडे जोडायचे, त्यावर पेन्सिलीनं तारीख घालायची आणि सुकल्यावर छिन्नी मारून तोडायचे. तुटताना लाकूड फाटलं पाहिजे, दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू दिसले पाहिजेत. जोडावरून सुबक, चकचकीत सुटला तर सगळं काम बाद. तुटलेले नमुने ते तारेत ओवून पडवीत टांगून ठेवत. वारा आला की ते खडखडत. माझ्या बायकोला ते दाराचं तोरण वाटलं होतं.

एकदा नानांनी माझ्यामार्फत मुंबईहून इपॉक्सीचे डबे मागवले. ते आले आणि मला काय अवदसा आठवली, मी ते आठ दिवस दुकानाच्या काचेत मांडून ठेवले. वर पाटी लावली, 'विमानाचा गोंद'. लोक थांबून बघायचे, मी मिशीवर ताव द्यायचो. काचेवर दुपारभर ऊन. नाना आले, डब्याला हात लावला, गरम लागला. रागावले नाहीत. निमूटपणे डबे घेऊन गेले, नमुना केला, तोडला, लाकूड बरोबर फाटलं. तरीसुद्धा त्यांनी तो गोंद विमानाला लावला नाही. त्यातून त्यांनी मला एक खुर्ची करून दिली. ती आजही गल्ल्यामागे आहे आणि मी तिच्यावर बसूनच हे लिहितोय.

नाना भित्रे होते, हेही सांगायला हवं. त्यांच्या क्लबात एक नियम होता, जोडील तो बसेल. ज्या सुतारानं पंख दुरुस्त केला, त्यानं त्या विमानाच्या पहिल्या फेरीत पुढच्या जागेवर बसायचं. कागदावर कुठे नव्हता, पण कुणी मोडत नसे. आणि नानांना उंचीची भयंकर भीती. तोंडात आलेपाकाचा तुकडा धरायचा, डोळे गच्च मिटायचे ते चाकं जमिनीला लागेपर्यंत. मुंबई वरून कशी दिसते, असं मी विचारलं तर म्हणाले, मला काय ठाऊक?

सगळं जग तोंडाला फडकी बांधून फिरत होतं त्या दिवसांत नानांना ताप आला. त्यातून उठले, पण वास गेला तो परत आला नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं: नोव्हेंबरात दुकानात आले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, वैनी घरात हायत का? माझी बायको सुमन मुरूडच्या कोळीवाड्यातली. बाजारात टोपली झाकलेली असली तरी आतला बांगडा आजचा की कालचा, हे ती रस्त्यापलीकडून सांगते. नानांना तिचं नाक हवं होतं.

पडवीत गुप्तेबाईंच्या विमानाचा पंख आला होता. गुप्तेबाई मुंबईच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, एकोणसत्तर वर्षांच्या. विमान त्यांच्या वडिलांचं. ते माणगावच्या पुढे एका कंपनीच्या लहानशा खाजगी धावपट्टीवर ठेवलेलं असे आणि हिवाळ्यात बाई ते स्वतः उडवत. पण दरवर्षी डॉक्टरची तपासणी पास व्हावी लागते. यंदा कशीबशी झाली होती, मेपर्यंतची. पुढच्या वर्षी होईलच असं डॉक्टरही म्हणत नव्हते. पंख नुसता तपासून, कापडाला रंग देऊन परत न्यायचा, एवढंच काम होतं. त्यानंतर एक परवानाधारक इंजिनिअर येऊन सही करणार होते.

जुना लाकडी पंख तपासायची एक रीत आहे. लहानशी झाकणी उघडायची, आत नाक घालायचं आणि वास घ्यायचा. दुधाचा गोंद कुजला असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं. सुमननं पदर खोचला आणि झाकणीत नाक घातलं. एका झाकणीपाशी काही नाही, दुसरीपाशी काही नाही. पंखाच्या मुळाशी, जिथे तो विमानाला जोडतात, तिथे ती थांबली आणि पुन्हा वाकली.

"मडक्यात ताक इसरलंय कुनीतरी," ती म्हणाली. "लई दिवसांचं."

नानांनी बॅटरी घेऊन त्या झाकणीतून आत पाहिलं. मग मलाही पाहायला सांगितलं. आत तुळईवर एक जोडपट्टी बसवलेली होती आणि तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'वा. थ.' अशी अक्षरं होती. मी म्हटलं, नाना, हे तर तुमचंच काम. ते पडवीच्या पायरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ तारेतले नमुने बघत राहिले. वैनी, चहा घेणार का, हेही विचारायला विसरले, आणि नाना असं कधी विसरत नसत.

बाहेरून बघितलं तर पंख धडधाकट होता. पट्टी हलत नव्हती. कापड न फाडता, आत हात न घालता इंजिनिअरला तिथलं काही कळलं नसतं. नानांनी आम्हालाही घरी जायला सांगितलं असतं तर आम्ही गेलो असतो आणि विसरून गेलो असतो. त्यांनी मला फोन लावायला सांगितला. दोन दिवसांनी गुप्तेबाई मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरून रिक्षानं सासवण्याला आल्या. मलाही नानांनी बोलावून घेतलं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्यांना कुणीतरी साक्षीला हवं होतं.

बाई खुर्चीवर आणि नाना उभे. त्यांनी आडवळण घेतलं नाही. बाईंचे वडील असताना, सत्तावीस वर्षांपूर्वी, ही पट्टी त्यांनी बदलली होती. पावसाळा तोंडावर आलेला, साहेबांची घाई. जुना दुधाचा गोंद खरवडून कोरं लाकूड उघडं करायला दोन दिवस लागले असते. नानांनी अर्धा खरवडला आणि उरलेल्यावर नवा गोंद लावला. गोंद गोंदावर बसला, लाकडावर नाही. नमुना मात्र कोऱ्या लाकडाचा केला होता, तो बरोबर तुटला.

"पहिल्या फेरीला मी बसलो न्हाय," नाना म्हणाले. "पोटात दुखतंय म्हनून सांगितलं. दुखत नव्हतं. तुमचे वडील एकले गेले वर."

गुप्तेबाई उठल्या. अंगणाच्या टोकापर्यंत, विहिरीपाशी गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, नंतर मीसुद्धा त्यात बसत होते ना? नाना म्हणाले, व्हय. इतकी वर्षं? व्हय. मग त्यांनी विचारलं, "थळे, इंजिनिअरला हे कळलं नसतं. मग आत्ता का सांगताय?"

नानांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली होती. "बाईसाहेब, नाक गेलंय. हात बी चाललाय. येवढं एक राहिलंय, ते तरी घालवू नको म्हटलं."

मला तेव्हा नानांचा राग आला होता, हे कबूल करतो. ज्या माणसानं माझ्या गरम झालेल्या डब्यातून खुर्ची केली, त्यानं हे केलं होतं. पंख उघडायचा म्हणजे हिवाळा गेला. बाईंचा विमान उडवायचा हा शेवटचा हिवाळा असू शकत होता, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बाईंनी चष्मा पुसला.

"उघडा," त्या म्हणाल्या.

नानांनी त्या जागेवरचं कापड कापलं, वरची पातळ फळी काढली, खिळे उपटले आणि पट्टीखाली एक बोथट सुरी सारली. हातोडी लागली नाही. पट्टीचा अर्धा भाग सुरीबरोबर अलगद उचलला गेला. खालची बाजू गुळगुळीत, पिवळट, चकचकीत. एकही तंतू फाटलेला नाही. नानांनी ती पट्टी पुसली, तिच्यावर सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि तारेत पहिली ओवली.

तुळई सुदैवानं शाबूत होती. जुना गोंद खरवडायला नानांना दोन दिवस नाही, अकरा दिवस लागले. मग गोंद निवडायचा प्रश्न आला. या विमानाच्या पुस्तकात लाल गोंद चालत होता आणि एक ठरावीक इपॉक्सीही चालत होतं. मला खात्री होती, नाना लालच घेणार. नवी पट्टी त्यांनी रंधून तुळईवर बसवली आणि जोडात कागद सारून पाहिला. कागद एका कोपऱ्यात आत गेला. पुन्हा रंधली. आता दुसऱ्या कोपऱ्यात गेला. तीन दिवस असं चाललं. रंधा पुढे जाताना शेवटच्या वितीत त्यांचा हात थरथरायचा, आणि आम्ही दोघंही ते दिसत नाही असं दाखवायचो.

चौथ्या दिवशी त्यांनी रंधा खाली ठेवला आणि मला इपॉक्सीचे डबे आणायला सांगितलं. मी म्हटलं, अजून एकदा बघा की, लालच शोभेल तुमच्या कामाला.

"शेट, गोंद हाताकडं बघून निवडायचा," ते म्हणाले, "मानाकडं बघून न्हाय."

डबे या वेळी मी मुंबईहून थेट सावलीत आणले, मांडीवर घेऊन. पापड कुरकुरीत मोडला. कालवण झालं, पट्टी बसली, शिकंजे लागले. नानांनी एक नाही, सहा नमुने केले. ते सुकल्यावर एक स्वतः तोडला, एक मला तोडायला लावला, एक सुमनला. उरलेले गुप्तेबाईंसाठी ठेवले. तिन्ही वेळा लाकूड फाटलं. इंजिनिअर आले, त्यांनी जुनी पट्टी पाहिली, नवा जोड पाहिला, नमुने पाहिले आणि नानांना वाकून नमस्कार केला. नाना म्हणाले, आधी सही करा. मग कापड चढलं, रंग झाला. या सगळ्यात होळी मागे पडली.

एप्रिलच्या एका सकाळी आम्ही माणगावच्या त्या धावपट्टीवर गेलो. बाईंच्या डॉक्टरी कागदाचा महिनाभर उरला होता. नानांनी नवा शर्ट घातला होता. विमान बघून मला धक्काच बसला, इतकं लहान. पंख खाली, वर उघड्या दोन जागा, एकीमागे एक. नानांनी सुमनला पंखाच्या मुळाशी बोलावलं. तिनं झाकणीत नाक घातलं.

"कसला वास न्हाय, नाना," ती म्हणाली. "निस्तं लाकूड."

बाईंनी त्यांना विचारलं, की थळे, क्लब तर केव्हाच बंद झाला, आता नियम कोण बघतंय? बसायची सक्ती नाही. नाना म्हणाले, पोटात दुखत न्हाय माझ्या. आणि स्टुलावर चढून पुढच्या जागेत बसले. पट्टा बाईंनी बांधला. आलेपाक नानांनी स्वतः तोंडात टाकला.

बाई त्या मेपर्यंत आठ-दहा वेळा उडाल्या. पुढच्या हिवाळ्याआधी पुन्हा तपासणी केली, तेव्हा डॉक्टरांनी नाही म्हटलं. नाना तोवर नव्हते. ते पावसाळ्यात गेले, काही विशेष आजार न होता. त्यांची नमुन्यांची तार आता माझ्या दुकानात गोंदाच्या भिंतीवर टांगलेली आहे. घट्ट गोंद कुठला, असं कुणी विचारलं की मी हत्तींचं नाव काढत नाही. पहिली चकचकीत पट्टी दाखवतो आणि ती कुणी केली तेही सांगतो. नानांची तशी ताकीद आहे.

पण मला नाना पडवीतले आठवत नाहीत. मला आठवतं ते विमान, कुंपणापाशी उभ्या आमच्या समोरून धावत जाताना. सुमन हात हलवत होती. नानांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे नेहमीसारखे गच्च मिटलेले होते, आणि उजवा हात बाहेर काढून त्यांनी तळवा पंखाच्या मुळाशी टेकवला होता, जोड सुकेपर्यंत दाबून धरतात तसा.